दाराकडे पाठ

“तिला मारू नका भावजी. ती अडलीय, माजलेली नाही.”

थोरलीने हे दोनदा सांगितलं. पण तिचा आवाज मुळातच बेताचा, देवाचं नाव घ्यावं तसा ओठातल्या ओठात, आणि समोर सहा म्हशी एकसुरात रेकत होत्या. धाकट्या दिराला ते ऐकू आलं नाही, की त्याने ऐकून घेतलं नाही, कोण जाणे. त्याने काठी पुन्हा मोडशिंगीच्या पुठ्ठ्यावर ओढली.

मोडशिंगी कळपातली सगळ्यात जुनी म्हैस. डावं शिंग कधीतरी झुंजीत मोडलेलं, उजवं विळ्यासारखं मागे वळलेलं. नव्या गोठ्याच्या उंबऱ्याशी ती चारही खूर रोवून उभी होती, आणि ती हलत नव्हती म्हणून मागच्या पाचही हलत नव्हत्या.

“वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती हीच,” शेजारचा मेंढपाळ म्हणाला. त्याचे पुढचे दात गेले होते, म्हणून सगळं गाव त्याला बोळका म्हणायचं आणि तोही त्या हाकेला ओ द्यायचा. “बाकीच्यांना अक्कल नाही, आणि हिला आहे ती उलटी.”

“उलटी कशी?” ओट्यावर शेंगा सोलत बसलेली सासू म्हणाली. “ती आत काय आहे ते बघतेय. तुम्ही नुसतं तिचं शेपूट बघताय.”

“आई, तू शेंगा सोल.”

“सोलतेच आहे. हातांना काम आहे, तोंड रिकामं होतं म्हणून बोलले.”

बोळका हसला. धाकटा हसला नाही. त्याने काठी टाकली, मोडशिंगीची पारडी उचलली आणि तिला छातीशी धरून सरळ गोठ्यात शिरला. पारडी आत ओरडली. मोडशिंगीने एकदा मागे वळून माळाकडे पाहिलं, मग पोराच्या आवाजामागे आत गेली. तिच्यामागे बाकीच्या गेल्या.

“बघ वहिनी,” धाकटा बाहेर येऊन कपाळ पुसत म्हणाला, “मारलं का मी? युक्ती केली.”

 आईला पोराच्या आवाजाने आत ओढणं ही युक्ती खरीच होती. पण थोरलीला ती रुचली नाही.

आता धाकट्याचं चुकत होतं असंही नाही. ओढ्यापलीकडच्या माळावर लांडगे आले होते. बोळक्याच्या मेंढ्यांपैकी निम्म्या त्यांनी काटेरी कुंपणातून ओढून नेल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो कुंपणाला अडकलेली लोकर हातात घेऊन बसला होता तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं. थोरला भाऊ आजारपणात गेल्यापासून या म्हशी म्हणजेच घर होतं. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत आपली व्हायला नको, म्हणून धाकटा जिवापाड राबला. दगडी भिंती उभ्या केल्या, वर पत्रे घातले. भिंतीलगत लांबलचक गव्हाण बांधली, गव्हाणीच्या वर लोखंडी कड्या बसवल्या आणि प्रत्येक कडीला आखूड साखळी जोडली. म्हशी ओळीने, तोंडं भिंतीकडे. वैरण समोर, शेण मागे, मधे झाडायला वाट. पारडं रात्री आईला पिऊन टाकतात म्हणून त्यांना वेगळं, दाराशेजारच्या कोपऱ्यात, दाव्याने बांधलेलं. सगळं कसं नीटनेटकं. मामाच्या गावी त्याने असा गोठा पाहिला होता.

तोवर म्हशी घरामागच्या वाड्यात मोकळ्या असत. काट्यांचं कुंपण, कमरेएवढंही उंच नाही. कुणी त्यांना बांधत नव्हतं. पण दिवस कलला की थोरली एक गोष्ट रोज बघायची, आणि रोज बघूनही तिला तिचं नवल सरलं नव्हतं. मोडशिंगी आधी बसायची, माळाकडे तोंड करून. मग एकेक करून बाकीच्या. कुणी ओढ्याकडे तोंड करी, कुणी रस्त्याकडे, कुणी घराकडे. सगळ्यांची पुठ्ठी आत, शिंगं बाहेर. आणि मधे जी पाठींची भिंत तयार होई, तिच्या आत पारडं एकमेकांच्या अंगावर माना टाकून झोपत. कुणी शिकवलं नव्हतं. ज्याने पोट दिलं त्यानेच ही समजही दिली असणार, असं म्हणून थोरली मनातल्या मनात हात जोडी.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मोडशिंगीने पान्हा सोडला नाही. थोरलीने कास धुतली, कुरवाळली, नेहमीचे शब्द पुटपुटले. “ये गं बाई, दे गं बाई, तुझं तुझ्या लेकराला, उरलं तर आम्हाला.” बादलीत चार धारा पडल्या आणि थांबल्या. म्हैस मान वाकडी करून मागे बघायचा प्रयत्न करत होती. साखळी तिला बघू देत नव्हती.

“नव्या जागेला बुजलीत,” धाकटा म्हणाला. “होतील सरळ.”

“भावजी, साखळी थोडी लांब केली तर?”

“लांब केली तर एकमेकींना मारतील.”

“या कधी एकमेकींना मारत नाहीत.”

“वहिनी,” तो जरा थांबून म्हणाला, “मला पण त्यांची काळजी आहे गं. तुला वाटतं मी हौसेने दगड वाहिले?”

हे खरं होतं, म्हणून तिने बादली उचलली. मऊपणाने वागणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते. समोरच्याचं खरं पटकन दिसतं आणि आपलं खरं तोंडातच राहतं.

सासूला मात्र तसली अडचण नव्हती. जेवताना ती म्हणाली, “म्हशीचं हत्यार कुठे असतं रे?”

“डोक्यावर.”

“आणि दार कुठल्या बाजूला ठेवलंस?”

“आई, दाराला कडी आहे. दोन बोटं जाड फळ्या आहेत.”

“कडी लागलेली असते तोवर असते,” म्हातारी म्हणाली आणि पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर लांडगा दिसला.

थंडीचे दिवस होते. पीक निघून शेतं उघडीबोडकी पडली होती, ढेकळांवर दव गोठल्यासारखं पांढरं दिसत होतं. उन्हं नुकतीच वर आलेली. आणि त्या उघड्या बांधावर तो बसला होता, कुत्र्याने उंबऱ्याशी बसावं तसा. लपायचा काही विचार नाही. धाकट्याने आरोळी ठोकली, कुत्रा सोडला, बोळका काठी घेऊन धावत आला. लांडगा उठला. एक पाय आखडत, लंगडत लंगडत पुढे निघाला. हे मागे, तो पुढे. पार टेकाडापर्यंत त्यांनी त्याला पिटाळलं आणि धापा टाकत परत आले.

“लंगडा आहे,” बोळका आनंदाने म्हणाला. “म्हातारा दिसतोय. उद्या आला तर गाठतोच.”

थोरली शेणाची पाटी घेऊन उभी होती. तिच्या मनात आलं, उपाशी जनावर दिसू नये म्हणून जपतं. हा दिसावं म्हणून बसला होता. ओढ्यालगतच्या गवतात टिटवी राहते, तिच्या अंड्यांजवळ गेलं की ती पंख मोडल्याचं सोंग करून दूर दूर पळते आणि माणसाला घरट्यापासून लांब नेते, हे तिने कितीदा पाहिलं होतं. लेकरं वाचवायला पाखराला जे सोंग येतं, ते पोट भरायला लांडग्याला येणार नाही कशावरून?

तिने हे सांगून पाहिलं.

“लांडगा आणि सोंग?” बोळका म्हणाला. “वहिनी, तुम्ही पण ना. तो काय नाटकात आहे?”

धाकटा हसला नाही. त्याने टेकाडाकडे पाहिलं, मग गोठ्याकडे. पण माणसाने आपल्या हाताने बांधलेली भिंत असली की तिच्यावर त्याचा देवापेक्षा जास्त भरवसा बसतो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी धुकं पडलं. असं दाट, की ओट्यावरून विहीर दिसेना. थोरली धार काढायला गोठ्यात शिरली. अंगावर गारठ्यासाठी नेहमीचं गोणपाट घेतलं होतं, शेणामुताचा आणि दुधाचा वास मुरलेलं. शेण बाहेर टाकायचं म्हणून दार सताड उघडं होतं.

बाहेर कुत्रा भुंकला. धाकट्याची आरोळी आली, “बोळक्या, आला रे. बांधावरच आहे. धाव.” पावलं धुक्यात लांब लांब गेली. कुत्र्याचं भुंकणंही गेलं.

मग काहीच ऐकू येईना.

थोरलीचे हात कासेवर थांबले. काय कमी झालं ते तिला आधी कळेना. मग कळलं. म्हशींचा रवंथ थांबला होता. सहा जबडे एकाच वेळी थांबले होते, आणि गोठ्यात इतकी शांतता झाली की पत्र्यावरून गळणारं दव ऐकू येत होतं. सहाही म्हशींचे कान मागे वळलेले. माना वळत नव्हत्या. साखळ्या ताणून ताणून भिंतीतल्या कड्या करकरत होत्या.

ती वळली. दारात धुकं होतं, आणि धुक्यात एक लांडगा उभा होता. त्याच्या मागे आणखी एक. तिसरा भिंतीच्या कडेने येत होता, घाई नाही, गडबड नाही, कामावर आलेल्या माणसासारखा.

पहिल्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराशेजारच्या कोपऱ्यात तीन पारडं दाव्याला बांधलेली होती. त्याने सगळ्यात धाकटी निवडली, मोडशिंगीची, आणि तिच्या गळ्याखाली तोंड घातलं.

थोरलीने दुधाची बादली फेकली. ती त्याला लागली, दूध सांडलं, तो दोन पावलं मागे सरला. दुसरा दोन पावलं पुढे आला. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण ज्या गळ्याला कधी ओरडायची सवय नाही, त्यातून ऐन वेळेला ओरडणं निघत नाही. नुसता श्वास निघाला.

दार लावावं तर लांडगे दारातच. पारडं घेऊन पळावं तर तीन पारडं आणि दोन हात. आणि मागे सहा म्हशी, एकेकीच्या डोक्यात एका लांडग्याला चिरडण्याएवढं बळ, भिंतीला तोंड लावून उभ्या.

ती गव्हाणीत चढली. वैरणीत पाय रुतले. भिंत आणि मोडशिंगीचं कपाळ यांच्यामधल्या बोळात ती शिरली आणि साखळीच्या आकड्याला हात घातला. आकडा निघेना. म्हैस जीव खाऊन मागे ओढत होती, साखळी तारेसारखी ताठ झाली होती. एक पाऊल पुढे आली असती तर आकडा सुटला असता. पण मागे लेकरू ओरडत असताना आई पुढे कशी येईल?

थोरलीने आपलं कपाळ म्हशीच्या कपाळाला टेकवलं. हाताची बोटं आकड्यावर तशीच. आणि रोजचे शब्द, रोजच्याच आवाजात, तिला तेवढेच येत होते. “ये गं बाई. दे गं बाई. तुझं तुझ्या लेकराला.”

मोडशिंगीचा गरम श्वास तिच्या गळ्यावर आला. म्हैस अर्धं पाऊल पुढे आली.

आकडा निसटला. पुढचं इतक्या वेगाने झालं, की थोरलीला नंतर ते तुकड्यातुकड्यांनीच आठवायचं. मोडशिंगी जागच्या जागी वळली तेव्हा तिच्या बरगडीचा धक्का बसून थोरली भिंतीवर आपटली. दाराशी काहीतरी कडकडलं, कुणीतरी केकाटलं. ती गव्हाणीतूनच पुढच्या म्हशीकडे सरकली, मग तिच्या पुढच्या. मोडशिंगी सुटलेली पाहून बाकीच्या ओढायच्या थांबल्या होत्या, वाट बघितल्यासारख्या. आकडे पटापट निघाले. शेवटी गव्हाणीत पडलेला वैरणीचा विळा घेऊन तिने तिन्ही पारडांची दावी कापली. तिसरी, मोडशिंगीची, पडली होती. तिला तिने उचललं आणि म्हशींच्या लोंढ्यात ती कशी अंगणात ओढली गेली ते तिला समजलं नाही.

समजलं तेव्हा ती मधे होती. चहूकडे काळ्या पाठी, वाफाळणाऱ्या, थरथरणाऱ्या. शिंगं बाहेर. दोन पारडं तिच्या पायांशी बिलगलेली, तिसरी मांडीवर. धुक्यात नखांचा आवाज गोल गोल फिरत होता. लांडगे म्हशींचं कडं चाचपत होते, कुठे फट आहे का बघत होते. जिथे नखं वाजत तिथली म्हैस फुत्कार टाकून मान खाली घाली. नखं पुढे सरकत.

“वहिनी.” धाकट्याचा आवाज. तो परत येत होता, धावत, आणि धुक्यात त्याला काही दिसत नव्हतं. “वहिनी, तो लंगडत नव्हता गं. टेकाडाशी गेला आणि नीट धावायला लागला.”

“थांबा भावजी. धावू नका.”

ती कशीबशी एवढं ओरडली. पण तो अंगणात आला होता. हातात काठी, अंगाला कुत्र्याचा आणि घामाचा वास. म्हशींनी त्याला पाहिलं, आणि सगळ्यात जवळची मोडशिंगी त्याच्यावर डोकं खाली घालून आली. कडं सोडलं नाही, दोनच पावलं. तो मागे कोलमडला. ज्या म्हशींना त्याने वैरण घातली, ज्यांच्यासाठी दगड वाहिले, त्यांना आता आत आणि बाहेर एवढंच कळत होतं, आणि तो बाहेरचा होता.

त्याच्या पाठीमागे धुक्यात नखं वाजायची थांबली.

“वहिनी,” तो अगदी हळू म्हणाला, “माझ्या मागे आहेत का ते?”

दोन काळ्या पुठ्ठ्यांमधल्या फटीतून थोरलीला त्याच्या मागची राखाडी सावली दिसली. बसलेली.

“काठी टाका,” ती म्हणाली.

“काठी टाकू?”

“टाका. आणि हे पांघरा.” तिने अंगावरचं गोणपाट काढून म्हशींच्या पाठीवरून भिरकावलं. “डोक्यावरून घ्या. ताठ उभे राहू नका. वाकून या, मोडशिंगीच्या तोंडाशी या. बोलू नका.”

त्याच्या हातून काठी पडल्याचा आवाज आला. मग गोणपाट खसखसलं. मोडशिंगीने नाकपुड्या फुलवून एकदा वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला. तिचं अंग थोडं सैल पडलं. धाकटा तिच्या पोटाला घासत, रांगत आत आला, आणि त्याच्या मागे फट मिटली.

तो थोरलीशेजारी शेणात बसला. दात वाजत होते.  ओट्यावरच्या खिडकीतून म्हातारी काशाच्या ताटावर पळीने बडवत होती, न थांबता, हात दुखत असतील तरी. बोळक्याच्या हाका लांबून आल्या, मग कुत्रा, मग वाडीतले आणखी दोघे. नखांचा आवाज ओढ्याकडे विरत गेला.

धुकं उठलं तेव्हा थोरलीने मांडीवर पाहिलं. पारडीचे डोळे उघडे होते, पण त्यांत आता कुणी नव्हतं.

मोडशिंगी वळली. तिने लेकराला हुंगलं, चाटलं, पुन्हा हुंगलं. मग ती थोरलीचा हात चाटायला लागली, कारण त्या हाताला तोच वास होता. थोरलीने तो तसाच राहू दिला. तिच्या तोंडात रोज येणारं देवाचं नाव त्या वेळी आलं नाही.

 दुपारी धाकट्याने पारडी टेकाडाच्या पायथ्याशी पुरली, वर मोठे दगड ठेवले. मग गोठ्यात जाऊन एकेक साखळी काढली आणि कोपऱ्यात ढीग केला. बोळका दारात उभा राहून बघत होता.

“भिंती ठेव,” तो म्हणाला. “ऊन-पावसाला चांगल्या आहेत.”

“भिंतींनी काय केलंय,” धाकटा म्हणाला. “बांधणाऱ्याने केलं.”

“ज्याचं जळतं त्याला कळतं,” बोळका म्हणाला. “मीही हसलोच होतो की.”

ओट्यावरून म्हातारी म्हणाली, “कड्या राहू देत भिंतीला. गोणपाटं वाळत घालायला होतील.” एवढं बोलून तिने पदर डोळ्यांना लावला. विनोद करून पाहिला तरी आज कुणाला हसू येणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

थोरलीने कुंपणाचे काटे नीट केले. म्हशी संध्याकाळी आपल्या पायांनी जुन्या वाड्यात आल्या. मोडशिंगीची कास दूध साठून ताठली होती, तिला हात लावायची थोरलीची छाती झाली नाही. म्हैस दुपारपासून टेकाडाच्या वाटेवर उभी राहून ओरडली होती. आता तिचा आवाज बसला होता.

“ही नाही टिकायची,” धाकटा कुंपणाशी येऊन म्हणाला. “लेकरू गेलेली म्हैस बिथरते. एकटीच माळावर जाईल बघ. आणि ही गेली की बाकीच्या तिच्यामागे जातील.”

“थांबा जरा,” थोरली म्हणाली.

उन्हं उतरली. माळ तांबूस झाला, मग राखाडी. बांधावर तो येऊन बसला, लंगडणारा. आज त्याच्याशेजारी दुसरा होता. सोंग नाही, घाई नाही. दोघं वाड्याकडे बघत होते, जसं कुणी पिकाकडे बघतं, कधी काढायला येईल म्हणून. ओढ्याच्या बाजूने तिसऱ्याची आरोळी आली, लांबलचक, शेवटी वर चढणारी.

कुत्रा धाकट्याच्या पायांत शिरला. उरलेली दोन पारडं वाड्यात मधोमध येऊन एकमेकांना चिकटली. पाच म्हशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोडशिंगीकडे माना वळवल्या. ती अजून कुंपणाच्या तोंडाशी होती, बाहेर तोंड करून, टेकाडाच्या वाटेवर एक खूर टाकून.

 थोरलीने कुंपणाच्या लाकडाला घट्ट धरलं.

मोडशिंगीने खूर मागे घेतला. ती वळली, सावकाश चालत वाड्यात आली, पारडांना ओलांडून पलीकडे गेली. माळाच्या बाजूला, जिकडे ते दोघे बसले होते, तिकडे तोंड करून ती सगळ्यांच्या आधी खाली बसली. मग एकेक करून बाकीच्या बसल्या.

तिच्या पाठीमागे, त्या कड्यात, तिचं आता कुणीच नव्हतं.